डॉक्टरचे धनको

माझ्या एका काकांच्या छातीत जातं फिरतं. म्हणजे तसं ऐकू येतं. तुमचं-माझं हृदय ‘लब-डब’ करून क्षणभर गप्प बसतं. काकांच्या ‘डब’नंतर मात्र बारीक घरघर येते, शेजारच्या घरी पहाटे कुणी दळत बसावं तशी. लहानपणी घसा दुखायचं निमित्त झालं, सांधे सुजले, ताप आला आणि गेला. जाताना मात्र तो हृदयाच्या डाव्या झडपेवर व्रण ठेवून गेला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ती झडप आक्रसत गेली. त्या अरुंद दारातून वाट काढताना रक्त जो आवाज करतं, ती ही घरघर.

काका गोव्यातल्या पेडण्याचे. चार पायऱ्या चढल्या की दम लागायला लागला, म्हणून एका मोठ्या सरकारी इस्पितळात नऊ दिवस होते. तिथे त्यांची झडप एकदम प्रसिद्ध झाली. रोज सकाळी सरांच्या मागे पांढऱ्या कोटांची रांग यायची. “आजोबा, ऐकू का?” असं प्रत्येक जण विचारायचा आणि काका प्रत्येकाला मान डोलवायचे. एका सकाळी त्यांनी बोटांवर मोजलं, तर सतरा जण भरले. सतरा वेळा डाव्या कुशीवर वळायचं, सतरा वेळा श्वास सोडून धरायचा, सतरा वेळा छातीवर गार धातू.

आठव्या दिवशी विद्यार्थ्यांची परीक्षा होती आणि काका ‘केस’ होते. त्यांच्या वाट्याला आलेला मुलगा घामाघूम झालेला. त्याने पाठीवर ऐकलं, पुढून ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं. परीक्षक दोन खाटा पलीकडे येऊन ठेपले. शेवटी काकांनाच राहवेना. ते हळूच म्हणाले, “पुता, आदीं म्हाका दाव्या कुशीर घाल. मागीर आयकूंक येता.” मुलाने त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, नळी टेकवली, आणि काका सांगतात त्याप्रमाणे, त्याच्या चेहऱ्यावर दिवा लागला.

आता या मुलाच्या पदवीचा हिशेब मांडायला बसू. डॉक्टर घडवायला केवढा खर्च येतो आणि तो कुणी करायचा, यावर घरोघरी वाद चालतात. कुणी म्हणतं, ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने भरावा. पुढे कमावणार तोच आहे. कुणी म्हणतं, सरकारने भरावा; आजारी आपण सगळेच पडणार. या दोघांच्याही वहीत काकांचं नाव नसतं. नऊ दिवस रोज सकाळी छाती उघडी करून बसलेल्या माणसाने त्या शिक्षणात काय घातलं, याची पावती कुठल्याच खिडकीवर फाडली जात नाही.

आधी इस्पितळ, मग कॉलेज

गणित शिकवायला फळा, खडू, बाक आणि एक चांगला मास्तर पुरतो. वैद्यक शिकवायला आधी आजारी माणसं लागतात, तीही शेकड्यांनी. आपल्याकडच्या नियमांत एमबीबीएसच्या 100 जागा हव्या असतील, तर कॉलेजच्या इस्पितळात 400 च्या वर खाटा दाखवाव्या लागतात. त्या खाटा रिकाम्या असूनही चालत नाही, बहुतेक भरलेल्या असाव्या लागतात. कारण विद्यार्थी खाटेकडून शिकत नाही, खाटेवरच्या माणसाकडून शिकतो.

यातून एक चमत्कारिक प्रकार जन्माला आला आहे. देशात काही खासगी कॉलेजांत तपासणीचं पथक यायच्या दिवशी भाड्याचे रुग्ण आणून झोपवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दिवसाची मजुरी, वर जेवण. लबाडी आहेच ती. पण त्या लबाडीने एक सत्य उघडं पाडलं. कॉलेज चालवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की रुग्ण ही आपली सर्वांत मोलाची सामग्री आहे. खऱ्या रुग्णाला ते मोल कुणी सांगत नाही, भाड्याच्या रुग्णाला मात्र रोख मिळतं.

आता हिशेब उलट्या बाजूने बघू. रात्री दोनला पेडण्याहून किंवा साखळीहून 108 ची गाडी सायरन वाजवत बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या गोमेकॉत शिरते. गाडीचा दरवाजा उघडला की समोर कोण असतं? बहुतेक वेळा इंटर्न आणि निवासी डॉक्टर. कागदोपत्री दोघंही अजून शिकताहेत. रक्त काढणारे, टाके घालणारे, रात्रभर तापाचा तक्ता भरणारे हात हे विद्यार्थ्यांचे हात आहेत. म्हणजे विद्यार्थी इस्पितळावर शिकतो आणि इस्पितळ विद्यार्थ्यावर चालतं. मग त्या रात्रीच्या दिव्याचं बिल शिक्षणाच्या खात्यात लिहायचं की उपचाराच्या?

या कोड्याची उकल आमच्याकडच्या माडाखाली सापडते. पाडेली माडावर चढतो, नारळ पाडतो, मजुरी घेतो. त्या नारळातून खोबरं निघतं, सोडणाचा काथ्या होतो, करवंटीची पळी होते. आता सांगा, पाडेल्याची मजुरी कुणावर टाकायची? सगळी खोबऱ्यावर टाकली तर काथ्या फुकट पडतो. तिघांवर सारखी वाटली तर पळी महाग होते. माड एकदाच चढला, वस्तू तीन मिळाल्या. तीन वेगळ्या मजुऱ्या कधी नव्हत्याच, त्यामुळे बरोबर उत्तर नावाचं काही इथे असत नाही. अर्थशास्त्रात याला संयुक्त खर्च म्हणतात आणि भलेभले हिशेबनीस त्यापुढे हात टेकतात. मेडिकल कॉलेज हा तसाच माड आहे. एकाच खर्चातून उपचार मिळतात, डॉक्टर मिळतात, संशोधनही मिळतं. ‘एक डॉक्टर घडवायला इतके लाख लागतात’ असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला, की त्याने मजुरी कुठल्या वस्तूवर टाकली ते आधी विचारावं.

एवढं कळलं की प्रश्नाचं रूपच बदलतं. खर्च किती, याला एक उत्तर नाही. पण खर्च कोण उचलतं आणि उचलणारा त्या बदल्यात काय मागतो, हे मात्र इतिहासात स्वच्छ दिसतं. त्यासाठी पेडण्यातूनच सुरुवात करू.

मांद्र्याचा मुलगा

रामचंद्र विठ्ठल लाड, म्हणजे आपले डॉ. भाऊ दाजी लाड, हे पेडण्यातल्या मांद्र्याचे. जन्म 1820 च्या दशकातला. घर मुंबईला गेलं, मुलगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्याने बक्षीसही मिळवलं. मग चालू नोकरी सोडून तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाला.

या कॉलेजाचे पैसे कुठून आले ते बघण्यासारखं आहे. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट 1838 मध्ये दापोडीला वारले. त्यांचं स्मारक करायला शहरात वर्गणी जमली आणि पुतळ्याऐवजी वैद्यकीय कॉलेज काढावं असं ठरलं. निम्मा भार वर्गणीने उचलला, निम्मा ईस्ट इंडिया कंपनीने. शेजारी इस्पितळ हवं होतं. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये देऊ केले आणि कंपनीने त्यात आपली भर घातली. 1845 मध्ये कॉलेज सुरू झालं. जमशेटजींची दौलत चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. म्हणजे मांद्र्याच्या मुलाच्या शिक्षणात मेलेल्या गव्हर्नरच्या चाहत्यांचा वाटा होता, कंपनीचा होता, पारशी शेटजींचा होता, आणि जरा मागे जाऊन पाहिलं तर दूर चीनमध्ये अफूची नळी ओढत पडलेल्या कुणा अनोळखी माणसाचाही होता.

आजच्या आईबापांना चक्कर येईल अशी गोष्ट तर पुढेच आहे. त्या काळी विद्यार्थ्याने पैसे भरून यायचं नव्हतं. विद्यार्थी यावा म्हणून त्यालाच पैसे दिले जात. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज 1835 मध्ये निघालं, तिथे निवडलेल्या मुलांना दरमहा विद्यावेतन होतं. मुंबईतही विद्यावेतनं आणि शिष्यवृत्त्या होत्या. का? कारण प्रेताला हात लावायचा होता. 1836 मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदनाची सुरी हातात धरली, ती गोष्ट आजही धाडस म्हणून सांगितली जाते. जातीबाहेर पडायची भीती मोठी होती, आणि विद्यावेतन हा त्या भीतीचा मोबदला होता. आज जागेसाठी लाखो मुलं झगडतात. तेव्हा जागा मुलाच्या शोधात होती.

1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. मोजून आठ जण. त्यांत भाऊ दाजींबरोबर गोव्याशी नातं असलेले कार्व्हाल्यो आणि लिस्बोआही होते. लिस्बोआ पुढे मुंबई इलाख्यातल्या गवतांचे अभ्यासक म्हणून नावाजले. भाऊ दाजींनी व्यवसाय थाटला, उत्तम चालवला, आणि धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. कुष्ठरोगावर वनस्पतींचं औषध शोधत राहिले, ताम्रपट आणि शिलालेख वाचत राहिले, मुलींच्या शिक्षणासाठी झटले, दोनदा मुंबईचे नगरपाल झाले. 1874 मध्ये गेले. भायखळ्याच्या संग्रहालयाला 1975 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

मोफत दवाखान्याची अट कुणी त्यांना घातली नव्हती. पण ज्या माणसाच्या शिक्षणाला इतके हात लागलेत, त्याला आपण कुणाचे देणेकरी आहोत हे शोधायला लांब जावं लागत नाही.

पणजीची एस्कोला

मग मांद्र्याचा मुलगा पणजीला का शिकला नाही? तिथेही शाळा निघालीच होती. कोंद दास आंताश या गव्हर्नरच्या कारकिर्दीत 1842 मध्ये, म्हणजे ग्रँट कॉलेजच्याही तीन वर्षं आधी, पणजीत ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ सुरू झाली. आशियात पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते. पुढे ही शाळा ज्या मांडवीकाठच्या वास्तूंत नांदली, तिथे आता इफ्फीच्या दिवसांत सिनेमाचे रसिक गळ्यात ओळखपत्रं अडकवून फिरतात.

पण या शाळेची एक फी अशी होती, जी रुपयांत किंवा ‘रेयश’मध्ये मोजता येत नव्हती: भाषा. शिक्षण पोर्तुगीजमधून. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके 1780 च्या दशकात पोर्तुगिजांच्या हाती आले. त्याआधी तिथे सावंतवाडीकरांचा अंमल होता, आणि त्यानंतरही घराघरात पाटी मराठीतच गिरवली जाई. पोर्तुगीज शाळेचा उंबरा या नव्या काबिजादीतल्या मुलाला मुंबईहून लांब होता. पैसे नसलेला मुलगा निदान उधार मागू शकतो. भाषा नसलेल्याने कुणाकडे हात पसरायचा? उलट मुंबईत 1826 ते 1832 या काळात वैद्यकाची एक छोटी शाळा चक्क मराठी-गुजरातीतून चालली होती. ती टिकली नाही, पण तशी कल्पना कुणाला तरी सुचली होती.

एस्कोलाचा खर्च पोर्तुगीज सत्ता उचलत होती, आणि या खर्चाचं बीज तिला दूर आफ्रिकेत पेरायचं होतं. मोझांबिक, अंगोला, तिमोर इथल्या पोर्तुगीज वसाहतींत डॉक्टर हवे होते. लिस्बनचे डॉक्टर तिकडे जायला नाखूश असत. मग पणजीत शिकलेले गोवेकर डॉक्टर तिकडे रवाना होत. हेच डॉक्टर पोर्तुगालमध्ये व्यवसाय करू म्हणाले, तर तिथे पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. म्हणजे पदवी आफ्रिकेच्या तापाला चालायची, लिस्बनच्या सर्दीला नाही. सत्तेने पैसे घातले आणि डॉक्टरचं तोंड आपल्याला हवं त्या दिशेला वळवलं.

गोवा मुक्त झाल्यावर 1963 मध्ये एस्कोलाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं; 1990 च्या दशकात ते बांबोळीच्या माळावर गेलं. खर्च आता राज्य उचलू लागलं. एमबीबीएसच्या जागा वाढत गेल्या, दीडशेवरून 180 झाल्या. तरी गोव्यातून डॉक्टर होऊ पाहणारी मुलं त्याहून कितीतरी जास्त. बाकीची बेळगाव, कोल्हापूर, मणिपालच्या गाड्या धरत आली आहेत. डिचोली तालुक्यातल्या कोठंबीचे डॉ. प्रमोद सावंत, आपले मुख्यमंत्री, त्यांनीही आयुर्वेदाची पदवी कोल्हापुरातून घेतली.

बापाची वही

मणिपालच्या गाडीबरोबर आपण तिसऱ्या धनकोकडे येतो. टी. एम. ए. पै यांनी 1953 मध्ये तिथे कस्तुरबा मेडिकल कॉलेज काढलं. सरकारकडे पैसे नव्हते, मग विद्यार्थ्यांच्याच पैशावर कॉलेज उभं करायचं, ही तेव्हा धाडसी कल्पना होती. महाराष्ट्रात 1983 च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि लोणी, कऱ्हाड, कोल्हापूर अशा गावांत मेडिकल कॉलेजं उभी राहिली. हे नुसतं वाईट झालं असं म्हणता येणार नाही. साखर कारखान्याच्या परिसरात सुसज्ज इस्पितळं आली, बेळगाव-कोल्हापूरने गोव्या-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांना डॉक्टर दिले.

पण वहीचा आकार बदलला. कर्नाटकातल्या ‘कॅपिटेशन’ फीचा वाद 1992 मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हाचे दर बघा. सरकारी कोट्यातल्या मुलाला वर्षाला 2,000 रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलाला 25,000, आणि राज्याबाहेरच्या मुलाला 60,000. तेच शिक्षक, त्याच खाटा, तेच रुग्ण, दर मात्र तीन. पाडेल्याची मजुरी कुणावर टाकायची याचं हे उत्तर होतं: ज्याची निकड मोठी, त्याच्यावर. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात ‘मोफत जागा’ आणि ‘पैशाच्या जागा’ अशी विभागणी आली. 2002 आणि 2005 च्या निकालांनी ती पुन्हा मोडून मांडली. 2022 मध्ये खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागांना सरकारी फी लावा, असं केंद्रातून सांगितलं गेलं. आज अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे जाते. शिक्षण संपेपर्यंत आकडा कोटीला टेकतो.

कोटीचा धनको एकच असतो: बाप, किंवा बापाच्या मागे उभी असलेली बँक. त्याचं देणं फेडायचं तर डॉक्टरने पेडण्यात दवाखाना थाटून भागत नाही. त्याला शहर हवं, यंत्रं हवीत, महागडी शाखा हवी. यात मुलगा लोभी असायची गरज नाही. पोर्तुगिजांनी डॉक्टरचं तोंड आफ्रिकेकडे वळवलं, तसं कर्जाचा हप्ता ते शहराकडे वळवतो. गोव्यात बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची सरकारी योजना आहे. तिचा मोठा गुण हाच, की हप्त्याचा ओढा जरा सैल होतो.

कुणी तीन वाटे केले

हे सगळं एकाच खांद्यावर टाकावं लागतं असं कुणी ठरवलं? वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी खेड्यासाठी डॉक्टर घडवणारं कॉलेज काढलं. त्याच्या खर्चाचे तीन वाटे ठरले: निम्मा केंद्र सरकारचा, पाव महाराष्ट्राचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. मुलं आल्या आल्या आश्रमात राहतात, पहिल्याच वर्षी त्यांची तुकडी एका गावाशी जोडली जाते, प्रत्येकाकडे काही घरं सोपवली जातात. पुढे तिथेच विशेषज्ञ व्हायचं असेल तर आधी ग्रामीण सेवा करावी लागते. गंमत म्हणजे, या वहीत खेड्यातली घरं पहिल्या पानावर येतात. आजारी पडून खाटेवर येण्याआधीच विद्यार्थी त्यांना ओळखत असतो.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा करार आणखी सरळ आहे: शिक्षण देश देणार, तुम्ही सैन्याला सेवा देणार. दूर अमेरिकेत, जिथे डॉक्टर होणं म्हणजे अर्धं आयुष्य कर्जात, तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाने 2018 मध्ये आपल्या वैद्यकीय शाळेची शिकवणी फी माफ केली. 2024 मध्ये रूथ गॉट्समन या निवृत्त प्राध्यापिकेने अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजला 1 अब्ज डॉलर देऊन तिथलीही फी संपवली. पण न्यूयॉर्क विद्यापीठातून लगोलग एक अनपेक्षित बातमी आली: फी गेली तरी गरीब घरची मुलं वाढली नाहीत. अर्ज इतके वाढले की चाळणी आणखी बारीक झाली, आणि बारीक चाळणीतून उतरायची तयारी पैसेवाल्या घरांत आधीपासून झालेली असते. आमच्याकडेही फीच्या आधी नीटचा क्लास उभा असतो. दारावरची फी माफ केली तरी अंगणातली फी शिल्लकच.

खाटेवरची सीमा

आणि आता काकांच्या पेडण्याकडे परत येऊ. पेडण्याच्या शेजारी सावंतवाडी, डिचोलीच्या शेजारी दोडामार्ग. तिथल्या माणसाला मोठं दुखणं आलं की गाडी वर्षानुवर्षं बांबोळीचीच वाट धरते. जानेवारी 2018 पासून गोमेकॉने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. दोडामार्गात आंदोलन पेटलं, तालुका गोव्यात सामील करा अशीही मागणी त्या दिवसांत ऐकू आली. पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार देऊन वाट काढली गेली. गोव्याचं म्हणणं साधं होतं: कर आमच्या लोकांनी भरला, खाटा आमच्या. ते चूक म्हणता येत नाही.

पण नारळ आठवा. दोडामार्गच्या बाईच्या पोटातल्या गाठीवर गोमेकॉचा विद्यार्थी हात ठेवून जे शिकला, ते त्याने पुढे डिचोलीच्या बाईवर वापरलं. ती बाई गोव्याची धनको झाली की देणेकरी? गोव्याने तिला उपचार दिले, तिने गोव्याला डॉक्टर दिला. शुल्काच्या पावतीवर यातलं पहिलंच वाक्य छापलं गेलं. आणि त्याच वेळी गोव्यातून कितीतरी मुलं कोल्हापूरच्या, बेळगावच्या रुग्णांवर शिकून घरी परत येत होती. अडीचशे वर्षांपूर्वी पेडणे, डिचोली आणि सावंतवाडी एकाच अमलाखाली होती. आज मध्ये रेघ आहे, पण हृदयाची घरघर दोन्हीकडे सारखीच ऐकू येते.

लोकांना ही देवाणघेवाण चांगली कळते. तुयेच्या नव्या इस्पितळाला गोमेकॉशी जोडा, अशी मागणी पेडणेकर करत आले आहेत. वरवर पाहता ती सोयीची मागणी आहे. आत बघितलं तर तो सौदा आहे: आमच्या खाटांवर तुमची मुलं शिकू देत, त्या बदल्यात तुमचे तज्ज्ञ आमच्याकडे येऊ देत. धारगळच्या माळावर 11 डिसेंबर 2022 रोजी, मोपाच्या विमानतळाबरोबर एकाच दिवशी, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्‌घाटन झालं. पैसा दिल्लीचा, पण बाह्यरुग्ण विभागात रांगेला उभे राहिलेत ते पेडण्याचेच गुडघे.

मग खर्च कुणी करावा? माझं उत्तर असं: ज्यांचा ज्यांचा डॉक्टरवर हक्क असायला हवा, त्या सगळ्यांनी, म्हणजे प्रामुख्याने समाजाने. कारण इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतो, की डॉक्टर आपल्या धनकोकडे तोंड करून उभा राहतो. धनको साम्राज्य असेल तर तो आफ्रिकेला जातो, धनको बँक असेल तर शहराला. विद्यार्थ्याने काहीच देऊ नये असं नाही. तो देतोच, रात्रीच्या पाळीत देतो. पुढेही त्याने सेवेत द्यावं, पैशांत नव्हे. इथेच आपली बाँडची पद्धत फसते. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने वर्षभर सेवा करायची, नाहीतर 10 लाख भरायचे, अशी अट राहिली आहे. असे बाँड सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वैध ठरवले आहेत. पण 10 लाख भरणाऱ्याचे पैसे जातात तिजोरीत. ज्याच्या खाटेवर तो शिकला, त्या माणसाचं देणं तसंच राहतं, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तोच नेमका सुटतो. सेवेचं देणं सेवेनेच फिटावं, त्याला रुपयाची पळवाट नको.

काका आता बरे आहेत. चिकटलेली झडप फुग्याने मोकळी केली: मांडीच्या शिरेतून नळी सारत हृदयापर्यंत नेली, झडपेत फुगा फुगवला, काढून घेतला. घरघर अगदी हलकी झाली आहे. हे करणाऱ्या डॉक्टरनेही कधीतरी कुणाच्या तरी उघड्या छातीवर नळी टेकवून ही घरघर पहिल्यांदा ऐकली असणार.

गेल्या चतुर्थीला घरी गेलो तेव्हा काका माटोळीला सुपाऱ्यांचा घोस बांधत होते, स्टुलावर चढून, दम न लागता. परीक्षेचा विषय निघाला. मी म्हटलं, काका, तुम्ही चक्क कॉपी पुरवलीत. ते खाली न बघताच म्हणाले, “कॉपी कसली? कुठे ऐकायचं ते सांगितलं. ऐकलं त्यानेच.” मग सुंभाची गाठ आवळता आवळता थांबले आणि मला विचारलं, “तो पास झाला असेल ना रे?”